माईंची वाटी

परवा घरातल्या बारशाला सगळ्यांची जेवणं उरकल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे माईंनी, ताटाऐवजी वाटी घेतली. आमटीची छोटी वाटी, तीत दोन घास भात.

आम्ही दोघी घरात सगळ्यांत लठ्ठ आणि सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या. सगळ्यांना वाढून झालं की स्वयंपाकघरात समोरासमोर बसायचं, गुडघ्यांना शिव्या द्यायच्या आणि बासुंदीच्या पातेल्याची खरवड अर्धी-अर्धी करायची, हा आमचा रिवाज.

"पथ्य आहे का?" मी विचारलं.

"पोट शिवून लहान केलंय. तोंडातून नळी घालून करतात, कापाकापी नाही. या वयात हेच बरं, असं डॉक्टर म्हणाले."

म्हणजे मागे लेकीकडे राहायला म्हणून गेल्या, त्या यासाठी. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

"तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊच दिलं नसतंस."

नसतंही दिलं कदाचित. भूक ज्याची त्याची असते म्हणतात. मला मात्र वाटत आलं, की आमची भूक एकच आहे, फक्त दोन ताटांत वाढलेली. त्यातलं एक ताट माईंनी न सांगता उचललं.

सवयीने मी खरवडीचे दोन वाटे केले. माईंनी त्यांचा वाटा माझ्या ताटात सारला. चिमूटभर कमी आली तरी भांडणाऱ्या माई.

"खा गं तू पोटभर," म्हणाल्या. पाहुणीला म्हणतात तसं.