नावाची रोपं

कॉलेजने आपल्या माळ्याला फसवलं. तासानंतर प्रत्येक विद्यार्थी आपल्या नावाच्या रोपाला पाणी घालेल, असा शब्द त्याला आणि मला देऊन त्यांनी सेलूच्या माझ्या नर्सरीतून रोपं स्वस्तात नेली. पुढे तास मोबाइलवर गेले, मुलं घरीच राहिली. पेट्रोल आणि कागद वाचला म्हणून फाटकावर पर्यावरणरक्षणाचा फलक लागला. माळी आता एकटाच बादल्या वाहतो. आधी रोपाजवळची पाटी पुसतो, नाव मोठ्याने वाचतो, मगच पाणी घालतो. परवा एका पार वाळलेल्या रोपालाही घातलं.

“मेलेल्याले काऊन पानी घालून राह्यला, भाऊ?” मी खेकसलो.

“पोरगी येईन, शेठ. माह्यं झाड कुठी आहे म्हनीन. तिले काय सांगू?”

तिला काय सांगायचं, ते प्राचार्यांनी या उन्हात येऊन त्याला सांगावं.