ताप मला होता

ताप मला होता. नाव मी गंगारामचं सांगितलं. पन्नाशी उलटली तरी हे लिहिताना हात अडतो.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. शहरात फ्लूची साथ. गंगाराम आणि मी परळच्या एकाच चाळीतले, दोघंही कॉलेजात. आदल्या वर्षीच आमच्या घरांनी बुद्धाची दीक्षा घेतली होती. खोलीत नऊ माणसं, पुस्तक उघडायला जागा नाही. म्हणून दादरच्या एका अभ्यासिकेत बसायचो.

परीक्षा पुढे गेली, असं कोणी म्हणे. रद्दच झाली, असंही कोणी म्हणे. पोरं घाबरलेली. खिशात कापराची पुडी ठेवायची, तासातासाला एकमेकांचं कपाळ चाचपायची. आमच्या कपाळाला कोणी हात लावत नसे.

एका दुपारी मला खोकला आवरला नाही. अभ्यासिकेचे चिटणीस बाकापाशी आले. सदऱ्यावर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला.

"कोण खोकलं? परळवाले ना? तुमच्याच वस्तीतून येतंय हे. ताप कोणाला आहे ते सांगा, नाहीतर दोघंही उठा."

नापास झालो तर गिरणी, हे बापाने बजावलं होतं. गंगारामच्या घरीही तेच ठरलेलं. मला ते ठाऊक होतं.

"याला," मी म्हणालो.

गंगारामने माझ्याकडे पाहिलं. वही मिटली. "बस तू," एवढंच बोलला आणि गेला.

गड्याने त्याच्या जागी फिनेल ओतलं. फरशी पुसताना मी पाय वर घेतले.

दुसऱ्या दिवशी माठाकडे गेलो, तर चिटणिसांनी खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे एक पोचे आलेला पेला. "तुझा वेगळा ठेवलाय. साथीपुरता."

मी त्यातून प्यालो. रोज प्यालो.

साथ ओसरली, परीक्षाही झाली. पेला खिडकीतच राहिला. गंगाराम चाळीच्या जिन्यावर बसून वाचत होता, नापास झाला. मी पास झालो. तो गिरणीत बदली कामगार म्हणून लागला.

गिरणीच्या फाटकाशी त्याला गाठलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "मला काय सांगतोस रे? मला ठाऊकच आहे. ज्यांना नाही, त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत गेलो. बाहेर चौकात सभेची तयारी चालली होती. मराठी माणूस एक आहे, असं कर्ण्यातून ऐकू येत होतं. खिडकीतला पेला उचलून मी चिटणिसांच्या टेबलावर ठेवला.

"साथीपुरता म्हणाला होतात. साथ गेली. यातून मी पुन्हा पिणार नाही. इथे बसणारही नाही."

"मग नीघ."

"निघतो. आधी यांना सांगायचंय."

पोरांनी माना वर केल्या. गंगाराम त्या वेळी पाळीवर होता. त्याला काहीच परत मिळणार नव्हतं. तरी बोललो.

"त्या दिवशी ताप मला होता. गंगाराम धडधाकट होता. मी भ्यालो आणि त्याला उठवलं. मी त्याची माफी मागतो."