सोलापुरात किल्ट नेसून

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा पिशवीत चौकड्यांचे जाड सुती कापड होते आणि मनात धाकधूक. पुरुषांचे कपडे करणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षे कटिंग मास्तर आहे. यंदा मी किल्ट सुचवला होता. स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा हा पोशाख कमरेभोवती गुंडाळतात; तो गुडघ्याशी संपतो आणि मागे त्याला चुण्या असतात. बैठकीत सगळे हसले. "फॅशन शोमध्ये ठीक आहे, मास्तर. दुकानात कोण घेणार?" असे म्हणत संचालकांनी एक नमुना तेवढा मंजूर केला. गंमत म्हणजे हीच मंडळी दरवर्षी पुरुषांना काहीतरी नवे घाला म्हणून सांगत असतात.

मोहोळला चहासाठी उतरताना सीटच्या निघालेल्या पत्र्यात पॅन्ट अडकली आणि वीतभर फाटली. पुढचा प्रवास पिशवी मांडीवर घट्ट धरून केला.

सोलापूरच्या पूर्व भागात लक्ष्मीअक्का शिवणकाम करतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. शाळेच्या मुलींच्या स्कर्टला त्यांच्याइतक्या सरळ चुण्या कुणी घालत नाही, म्हणून तर मी इतक्या लांब आलो होतो. त्यांनी आधी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढले. मग कापड उलगडले.

"कुणासाठी?"

"पुरुषांसाठी. पहिला माझ्यासाठी."

त्या हसतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी टेप उचलली. "पोरींना कंबर असते, तुम्हाला पोट हाय. पट्टी जरा खाली घ्यावी लागंल की."

दुपार कलली तेव्हा किल्ट माझ्या अंगावर होता. लांबून बघत अक्का पुटपुटल्या, "बागुंदी" (छान आहे). कमरेच्या पट्ट्यांना लावायची बकले मात्र नव्हती. त्यांनी दोन मोठ्या पिना लावल्या आणि माझी फाटकी पॅन्ट मशीनखाली घेतली.

"सात रस्त्याच्या चौकात मिळतील. तुम्ही घेऊन या, तोवर मी ही शिवते."

"असाच जाऊ?"

"मग कसं? पॅन्ट तर माझ्या हातात हाय."

रिक्षातून उतरलो तेव्हा सगळा सात रस्ता माझ्या पोटऱ्यांकडेच पाहतो आहे असे वाटले. कॉलेजच्या दोन मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. एक मोटारसायकल जवळून सुसाट गेली आणि मी दोन्ही हातांनी पुढचा काठ दाबला. बकले घेऊन चहाच्या गाड्यावर थांबलो. शेजारी सांगोल्याकडचे एक मेंढपाळ बसले होते, तांबडा पटका, वर खोचलेले धोतर. ते बराच वेळ किल्ट न्याहाळत होते.

"ह्याला काय म्हनत्यात?"

"किल्ट. विलायतेकडचा आहे."

"आमी धोतार वर खोचलं की आसंच की. काट्याकुट्यात चालाय लई बरं." त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिले. "पन तमाखूची चंची कुटं ठेवायची? खिसा न्हाय व्हय ह्याला?"

महिनाभर आम्ही ऑफिसात हे पुरुषाला शोभेल का, एवढ्यावरच वाद घातला होता. खिशाची आठवण कुणालाच झाली नव्हती. परत गेल्यावर अक्कांनी चुण्यांच्या आत एक खोल खिसा बसवला, आणि सुईतला दोरा दातांनी तोडून शिवलेली पॅन्टही माझ्या हातात दिली.

रात्री लॉजवर राहून दुसऱ्या दिवशी परतलो, ते किल्ट नेसूनच. कंडक्टरने तिकीट दिले आणि तो पुढच्या सीटकडे वळला. पुण्यात उतरून तसाच ऑफिसात गेलो. संचालकांनी शिलाईची मनापासून तारीफ केली. मग म्हणाले, "फोटोंपुरता घेऊ. दुकानात नको." मला राग आला नाही. ही माणसे वाईट नाहीत, कापडावर त्यांचेही प्रेम आहे. पण धंद्यातली बाकीची चार माणसे काय म्हणतील, याचाच धसका त्यांनी घेतलेला असतो. रस्त्यावरचा माणूस त्यांच्या गावीही नसतो.

अक्कांना हे कळवायचे जिवावर आले होते. त्यांना मोठे काम मिळेल अशी मला आशा होती. संध्याकाळी फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मागे मशीन चालूच होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही घालायचा नाही, असं म्हणाले का?"

"नाही."

"मग घाला की."