पप्पांचा तिसरा पुकारा

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं कोर्टाच्या दारात उभं राहून लोकांची नावं पुकारली. आतून कारकून कागद द्यायचा आणि पप्पा व्हरांड्यात येऊन वादीचं, प्रतिवादीचं, साक्षीदाराचं पूर्ण नाव तीनदा घ्यायचे. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर ते जिन्याकडे बघत थांबायचे. चहाला गेलेला माणूस धापा टाकत वर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. मग आत जाऊन 'गैरहजर' म्हणून सांगायचे. सगळं गाव त्यांना पुकारे म्हणायचं, आणि मला पुकाऱ्यांची पोर.

घरातही हाच कायदा. जेवायला तीन हाका. तिसरीलाही आलं नाही की ताट उचललं जायचं, आणि पाठीमागून आई तेच ताट वाढून द्यायची. अपील वरच्या कोर्टात चालतं, असं पप्पाच कौतुकाने म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर फादरनी त्यांना रविवारच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, शेवटी सूचना वाचायचं काम दिलं. चर्चचा माईक सर्दी झाल्यासारखा बोलायचा, आणि पप्पांना माईक लागायचाच नाही. गायनवृंदाचा सराव, छपराची दुरुस्ती वगैरे झालं की लग्नाच्या घोषणा. आमच्यात लग्न ठरलं की वधूवरांची नावं तीन रविवार चर्चमध्ये वाचतात, आणि या लग्नाला काही अडचण कुणाला माहीत असेल तर ती कळवणं त्याचं कर्तव्य आहे, असं बजावतात. आधीचे वाचक हे वाक्य एका दमात उरकून टाकायचे. पप्पा वाचून थांबायचे. एकेका बाकावरून नजर फिरवायचे, मग दाराकडे बघायचे. निर्दोष माणसालाही घाम फुटायचा. एकदा तर एक आजोबा उभे राहिले, "मला काही माहीत नाही बुवा," म्हणाले आणि बसले.

असे हे माझे वडील त्रेसष्टाव्या वर्षी, आई जाऊन सहा वर्षं झाल्यावर, एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाले, "मी आणि टेलरबाई लग्न करतोय."

टेलरबाई म्हणजे वेदीवरची वस्त्रं शिवणारी विधवा बाई. गळ्यात कायम मोजपट्टी, मिस्साला येतानासुद्धा. हसायची तर अशी की फादर प्रवचनात थांबायचे. मी शाळेत गणित शिकवते. मला उगाच हसणारी माणसं आवडत नाहीत.

"मी तिसऱ्या रविवारी उठून हरकत घेईन," मी म्हटलं.

"घे की," पप्पा म्हणाले. "पण आधार लागतो. नुसतं तोंड वाकडं करून चालत नाही."

मी आधार शोधायला फादरकडे गेले. त्यांनी चर्चच्या कायद्याचा जाडजूड ग्रंथ काढला, चष्मा पुसला आणि विचारलं, "तिचा नवरा जिवंत आहे?"

"नाही."

"दोघांत रक्ताचं नातं?"

"नाही. पण ती मिस्सात हसते."

"तुझ्या वडिलांवर कुणी जबरदस्ती केलीय?"

"जबरदस्ती कसली, दाढी करताना गुणगुणतात ते."

फादर हसू दाबत पान उलटायला लागले. मला रडू यायला लागलं. "फादर, आईला जाऊन सहाच वर्षं झालीत."

त्यांनी ग्रंथ मिटला. "बाळ, लग्नाचं वचन मरेपर्यंतचं असतं. तुझ्या वडिलांनी ते पाळलं. मी साक्षीदार आहे. त्यापुढचं चर्च विचारत नाही."

खरं सांगायचं तर माझं दुखणं वेगळंच होतं. आता त्या घरात आईचं नावसुद्धा निघणार नाही, ही मला भीती होती. ती कुठल्या कलमात बसत नव्हती.

नवऱ्यामुलाने स्वतःचीच घोषणा वाचावी का, यावर फादरनी पुन्हा ग्रंथ चाळला. मनाई कुठे सापडली नाही. पहिल्या रविवारी पप्पांनी आपलं नाव वाचलं, 'विधुर' म्हटलं, मग टेलरबाईंचं नाव आणि त्यांच्या दिवंगत पतीचं नाव खणखणीत घेतलं. चर्चभर खसखस पिकली. मी मात्र बाहेर येऊन फळ्यावर लावलेली घोषणा बघितली. तिथे 'विधुर'च्या पुढे आईचं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं. पप्पांनी ते गाळलं होतं.

दुसऱ्या रविवारीही गाळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिळाला, मी म्हटलं, आधार मिळाला.

तिसऱ्या रविवारी पप्पांनी पुन्हा आईला सोडून सगळं वाचलं आणि थांबले. नजर फिरत फिरत माझ्या बाकावर आली. मी उभी राहिले.

"माझी हरकत आहे."

सगळ्या माना वळल्या. मागच्या बाकावर टेलरबाईंनी मोजपट्टी घट्ट धरली.

"आधार?" पप्पांनी सवयीने विचारलं.

"घोषणा अपुरी वाचलीय. आईचं नाव कागदावर आहे. तुम्ही तीन वेळा गाळलंत."

पप्पांनी कागदाकडे बघितलं. मग मी आयुष्यात कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाले, "एकतीस वर्षांची सवय आहे गं. नाव घेतलं की मी दाराकडे बघतो. तिचं घेतलं तर तिकडे बघणारच ना मी."

माझा सगळा राग कुठे गेला कळलं नाही. तेवढ्यात मागून टेलरबाई म्हणाल्या, "बघा की मग. माझ्या ह्यांचं नाव तुम्ही घेतलंत, तेव्हा मीही बघितलं."

पप्पांनी घसा साफ केला. कोर्टात घ्यायचे तसं, खिडक्यांच्या काचा थरथरतील असं, आईचं पूर्ण नाव त्यांनी तीनदा पुकारलं आणि दाराकडे वळले. आम्ही सगळेच वळलो, फादरसुद्धा. दारात ऊन होतं. बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. चहाला गेलेलं माणूस वर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ आम्ही वाट बघितली.

पुढचा शब्द पप्पांच्या तोंडून निघेना. ते माझ्याकडे बघत राहिले.

"माझी हरकत नाही, पप्पा," मी म्हटलं आणि खाली बसले.