काकांनी जपलेली ड्रायव्हरची सीडी

मंडळी, आज तेल्हाऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगवर गेलो होतो. वजनकाट्यावरचा एक्सपीवाला कॉम्प्युटर नेटले जोडायचा होता, पण नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हरच नव्हता. नेटवरून घ्यावा, तर नेट कुठं आहे?

काट्यावर बसणाऱ्या काकांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली. "मशीनसंग आलती. तवापासून जपून ठेवली ना बाप्पा!"

सीडीवरून ड्रायव्हर टाकला, नेट चाललं. काकांनी खुशीत चहा मागवला.

तेवढ्यात मालकाचा अकोल्याहून फोन. "वजनं मले इथंच मोबाईलवर दिसून राहिली. त्या बुढ्याले सांग, उद्यापासून येऊ नको."

"काय म्हणे मालक?" काकांनी विचारलं.

"खुश आहेत," म्हटलं, त्यांचा चहा पिला अन् निघालो.

उद्या सकाळी ते डबा घेऊन कामावर येतील. सांगा, जास्त हलकट कोण, मालक का मी?