दुसऱ्या प्रोसेसरचा पंखा

माझं डोकं लवकर तापतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. दिवसभर बंद पडलेल्या मशिनी उघडायच्या आणि मागे उभं राहून 'किती वेळ लागेल?' विचारणाऱ्या साहेबांना उत्तरं द्यायची, हीच नोकरी. गुरुवारी सुट्टी असते, आणि त्या दिवशी मला हा प्रश्न कुणी विचारलेला चालत नाही. पण त्या गुरुवारी तो वहिनींनी विचारला, आणि त्यांना तो हक्क होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माहेर लातूरकडचं. मी आयटीआयसाठी गाव सोडून त्यांच्या संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत येऊन पडलो, तेव्हापासून माझा डबा त्यांनीच भरला. तेव्हा त्या स्वतः चाकणला कॉन्ट्रॅक्टवर वायरिंगच्या लाइनला होत्या. अख्खी शिफ्ट उभ्याने काम, लाइनवर बसायची सोयच नाही. घरी आल्या की भिंतीला पाय लावून आडव्या व्हायच्या आणि पडल्यापडल्याच विचारायच्या, "जेवलाव का, भावजी?" पुढे पायांच्या शिरा निळ्या फुगून आल्या, डॉक्टर रागावले, तेव्हा कुठे त्यांनी नोकरी सोडली.

मग त्यांनी भरतकामाचं मशीन घेतलं. शर्टाच्या खिशावर, टोपीवर कंपन्यांची नावं काढून द्यायची. नक्षी कॉम्प्युटरवर तयार करायची आणि वायरीने मशीनला पाठवायची. तो कॉम्प्युटर मी भोसरीच्या भंगारातून आणला होता. जुना, पण दणकट, आणि आत एक सोडून दोन प्रोसेसर. मी त्याची इतकी फुशारकी मारली की वहिनी म्हणाल्या, "डोकी दोन हायेत त्याला, पण तुमच्यासारखं एक बी तापत न्हाई."

सांगवीच्या एका केटरिंगवाल्याने त्यांना पहिली मोठी ऑर्डर दिली, कँटीनमधल्या पोरांचे शर्ट. शुक्रवारी सकाळी माल पोचला तर पुढचंही काम यांनाच, नाहीतर दुसरा तयार होताच. निम्मे शर्ट झाले आणि मशीन बसलं, कायमचंच. दादाने धावपळ करून दुसरं, वापरलेलं मशीन आणलं. ते इतकं अलीकडचं होतं की आमचा कॉम्प्युटर त्याला ओळखच देईना. वहिनी घाबरल्या आणि त्यांनी लाइनच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन करून ठेवला. तो म्हणाला, "ताई, शुक्रवारी सकाळपर्यंत जागा धरून ठेवतो." हे त्यांनी मला सांगितलं नाही. दादाने सांगितलं.

उपाय एकच होता, कर्नल बदलायचा. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुकादम. वरच्या प्रोग्रामला काय हवंय ते ऐकायचं आणि खालच्या प्रोसेसरकडून, डिस्ककडून, वायरीला जोडलेल्या यंत्राकडून ते करून घ्यायचं, हे त्याचं काम. आमचा मुकादम फार जुना होता, नव्या मशीनची बोली त्याला येत नव्हती.

गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन बसलो. आधी सगळ्या नक्षी पेनड्राइव्हवर काढल्या, जुना कर्नल अडीअडचणीला तसाच ठेवला आणि नवा चढवला. कॉम्प्युटर परत चालू झाला. दोन्ही प्रोसेसर हजर, मशीनही दिसलं. वहिनींनी शर्ट लावला, सुई धावायला लागली, खिशावर पहिली दोन अक्षरं उमटली. मी कॉलर ताठ करणार तोच पडदा काळा झाला आणि कॉम्प्युटर गपगार.

परत चालू केला, परत तेच. जुन्या कर्नलवर गेलो तर कॉम्प्युटर मजेत चालायचा, पण मशीन दिसायचं नाही. नव्यावर मशीन दिसायचं, पण काम जरा रेटलं की तो मान टाकायचा. म्हणजे दोष नव्या कर्नलचाच, यात मला शंका उरली नाही. कुठल्या दूरदेशी बसून हे कर्नल लिहिणाऱ्यांच्या सात पिढ्या मी उद्धरल्या. जुन्या यंत्रांची यांना काय पडलीय, असं काहीबाही बडबडत होतो.

"किती वेळ लागंल, भावजी?" वहिनींनी हळूच विचारलं.

"माझ्या डोक्यावर उभ्या राहू नका हो."

त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने माझ्यापुढे भाकरी-पिठल्याचं ताट आलं. त्यांच्यासमोर कोरे शर्ट रचलेले आणि मला वाढताना हात जरासुद्धा आखडलेला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून जेवलो आणि मग शांतपणे, कंपनीत करतो तसं, पहिल्यापासून सुरुवात केली.

कॉम्प्युटर बंद पडताना पडद्यावर काही ओळी झर्रकन येऊन जात होत्या. रागाच्या भरात त्या मी वाचल्याच नव्हत्या. या खेपेला मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला आणि थांबवून वाचला. दुसरा प्रोसेसर हद्दीबाहेर तापलाय, जळू नये म्हणून बंद करतोय, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

आधी पटेना. जुन्या कर्नलने कधी चकार शब्द काढला नव्हता. मग लख्ख कळलं. या बोर्डावरचं तापमान वाचणं जुन्याला येतच नव्हतं. आत चटका बसत होता आणि तो गप्प होता. नव्याला ते वाचता आलं, म्हणून त्याने काम थांबवलं.

बाजूचं झाकण काढलं. पहिल्या प्रोसेसरचा पंखा गरगरत होता, दुसऱ्याचा ठप्प. वीज काढून आत बॅटरीचा उजेड पाडला, तर पंख्याचं पातं आणि कड यांच्या फटीत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा घट्ट बसलेला.

आमच्या कंपनीत खंडेनवमीला प्रत्येक यंत्राचं पॅनल उघडतात, आतला भाग पुसून तिथेही हळदकुंकू लावतात. बाहेरून पूजा केली तर ती पुरी होत नाही असं सगळे मानतात. घरीही मी हौसेने कॉम्प्युटरचं झाकण उघडून दिलं होतं आणि वहिनींनी मनोभावे अक्षता वाहिल्या होत्या.

"आगं बाई," वहिनी तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "म्या जाळत होते व्हय ह्याला?"

"तुम्ही एकट्या कशा? दार मी उघडून दिलं होतं." आणि दोघांनाही हसू फुटलं. पोट दुखेपर्यंत हसलो. सकाळपासूनचा सगळा ताण त्यात निघून गेला.

दाणा मी चिमट्याने काढला, पंखा बोटाने फिरवून पाहिला, धूळ पुसली. नवा कर्नल चालू केला, काम रेटलं, आणि या वेळी कॉम्प्युटर टिकला. दुसऱ्या प्रोसेसरचं तापमान खाली येताना पाहिलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सकाळी ज्यांना शिव्या घातल्या त्यांचे मी मनातल्या मनात पाय धरले. कोण कुठली माणसं, माझ्याकडून एक पैसा न घेता लिहितात, आणि लिहिताना भंगारात निघालेल्या दोन प्रोसेसरच्या यंत्राचीही आठवण ठेवतात. त्यांनी ती ठेवली नसती तर ऐन ऑर्डरीत प्रोसेसर जळाला असता आणि वहिनी परत लाइनला लागल्या असत्या. हे उपकार मी कुणाच्या दारात जाऊन फेडू?

दादा शिफ्टवरून आला तो थेट कात्री घेऊन धागे कापायला बसला. मी इस्त्री केली. वहिनी मशीनसमोर स्टुलावर बसून एकामागून एक शर्ट लावत होत्या. संध्याकाळी शेजारणींनी घड्या घालायला हात लावला आणि दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात शेवटचा शर्ट पिशवीत गेला.

शुक्रवारी सकाळी शिफ्टला जाण्याआधी वहिनींना स्कूटरवर मागे बसवून सांगवीला नेलं. केटरिंगवाल्याने शर्ट उलटेपालटे करून पाहिले, खिशावरून अंगठा फिरवला आणि टोप्यांचं कामही करणार का, असं विचारलं. आम्ही बाहेर आलो तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. लाइनचा कॉन्ट्रॅक्टर होता. त्याचा आवाज मला शेजारून ऐकू येत होता. "ताई, जागा धरून ठेवलीय. येताय ना?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरले होते. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "न्हाई येत, भाऊ. तुम्ही थांबलात, लई उपकार झाले. ती जागा दुसऱ्या कुणा बाईला द्या. फक्त तिला बसायला एक स्टूल द्या."