सर्जेरावांची स्वच्छ बाग

बागेचा विषय निघाला की आमचे शेजारी सर्जेराव हल्ली गप्प होतात. पूर्वी थांबता थांबायचे न्हाईत. आष्टीहून येऊन ते इथल्या नगरपालिकेत उद्यान विभागाचे हेडक्लार्क झाले. तेव्हापासून त्यांचं एकच रडगाणं, सगळं बजेट सफाईच्या ठेक्यातच जातं, मंग झाडं कशानं लावू?

नव्वद सालाच्या आसपास त्यांनी तोड काढली. पोरं आली की कचरा होतो, तर बाग फक्त रविवारी उघडायची. काय म्हणावं या माणसाला! सफाईचा खर्चा निम्म्यावर आला. वाचलेल्या पैशात त्यांनी गुलाब लावले, नवा सी-सॉ बसवला. मुख्याधिकारी साहेबांनी पाठ थोपटली. गेटावर बाया भांडायला आल्या, तर हे म्हणाले, "रविवारी या. बाग काय पळून जाऊन राह्यली का?"

पोरं स्टँडमागच्या पडीक जागेत खेळू लागली. पुढं रविवारीही कुणी फिरकेना.

रिटायर झाल्यावर एका मंगळवारी ते नातीला घेऊन गेले. गेटाला कुलूप होतं.

"तुमचाच हुकूम हे, साहेब," रखवालदार म्हणाला. "पण तुमच्यासाठी उघडतो."

आत एक पानसुद्धा पडलेलं नव्हतं. नात पळत जाऊन सी-सॉवर बसली आणि समोरच्या रिकाम्या टोकाकडं बघत राहिली. शेवटी सर्जेराव स्वतःच तिथं बसले. पोरगी झटक्यात वर गेली, ती वरच अडकून राहिली.

"आबा," ती वरून म्हणाली, "एखादं पोरगं बोलवा ना."